सार्वजनिक प्रसारणासाठी घरटी सक्तीचं शुल्क: असावं का?

उंबरठा
सार्वजनिक प्रसारणाचा खर्च भागवायला दर घराकडून सक्तीने ठरावीक रक्कम घ्यावी का, यावर दोन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. जाहिरातदार आणि सरकार या दोघांपासून लांब राहायचं तर पैसा थेट लोकांकडून यायला हवा, हा एक. आम्ही ते चॅनेल बघतच नाही तर पैसे कशाचे, हा दुसरा. दोन्ही आता तोंडपाठ झालेत, त्यामुळे ते पुन्हा नकोत. यंत्रणा कशी चालते ते सांगा. शुल्क नेमकं कशावर लावतात: टीव्हीवर, घरावर की उत्पन्नावर? न भरणाऱ्याचं काय होतं? आणि तिजोरीतून दिलं काय नि वेगळं घेतलं काय, पैसा लोकांचाच. मग फरक कुठे पडतो?

ताळेबंद
आधी पहिल्या दोन प्रश्नांबद्दल. "शुल्क हवं की नको" या वादापेक्षा शुल्क कशाला चिकटवलंय यावर बरंच काही अवलंबून असतं.

यंत्रावर लावायची पद्धत सर्वात जुनी. ब्रिटनमध्ये १९२२ साली रेडिओसाठी १० शिलिंगचा परवाना सुरू झाला, १९४६ पासून टीव्हीचा आला. एप्रिल २०२५ मध्ये तो वर्षाला १७४.५० पौंड झाला. परवाना लागतो तो कुठल्याही चॅनेलचं थेट प्रसारण बघायला किंवा रेकॉर्ड करायला, मग ते मोबाइलवर का असेना. सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीच्या आयप्लेअर या इंटरनेट सेवेवर मागाहून बघितलेलं काहीही त्यात धरतात. फक्त इतरांचे कार्यक्रम मागाहून बघत असाल तर परवाना लागत नाही. आता हे सिद्ध कोण करणार? तपासनीसाला न्यायालयाच्या वॉरंटशिवाय घरात शिरता येत नाही. तो दारात उभा राहून विचारतो आणि बहुतेक प्रकरणं दारातल्या कबुलीवर उभी राहतात. दंड १,००० पौंडांपर्यंत आणि प्रकरण फौजदारी. यातून एक विचित्र गोष्ट झाली: खटले चाललेल्यांत दहापैकी सातहून जास्त बायका. परवाना घराचा, पण दार जो उघडेल तो आरोपी, आणि दिवसा घरी बहुधा बाईच असते.

जपानमध्ये याच पद्धतीची दुसरी गंमत. १९५० च्या प्रसारण कायद्यानुसार एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं प्रसारण पकडू शकणारं यंत्र ठेवणाऱ्याने एनएचकेशी करार करायलाच हवा. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती वैध ठरवली. पुढे काही वर्षांत बाजारात ट्यूनर नसलेले टीव्ही आले. इंटरनेटवरचं सगळं दिसतं, प्रसारण पकडता येत नाही, त्यामुळे नुसतं यंत्र घरात आहे म्हणून करार करावा लागत नाही.

घरावर लावायची पद्धत म्हणजे जर्मनी, १ जानेवारी २०१३ पासून. घरात यंत्र आहे की नाही हे विचारतच नाहीत. एका घराला महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे ५५.०८. पत्ता बदलला की नगरपालिकेच्या रहिवासी नोंदणीतून माहिती आपोआप वसुली केंद्राकडे जाते, म्हणून दारात जाऊन तपासणी हा प्रकारच उरला नाही. गडबड होते ती वेगळीच. चार जण मिळून एका घरात राहतात आणि चौघांनाही पत्र येतं. अशा वेळी जो भरतोय त्याचा शुल्क क्रमांक बाकीच्यांनी कळवायचा, की त्यांची खाती बंद होतात. पत्र दुर्लक्षिलं तर नोंदणी परस्पर होते, थकबाकी साचते आणि त्यावर एक टक्का किंवा किमान ८ युरो विलंब आकार बसतो. सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांना आणि सरकारी अर्थसाहाय्यावर शिकत स्वतंत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांना माफी आहे, पण अर्ज स्वतः करावा लागतो. पुरावा असेल तर मागच्या तीन वर्षांपर्यंतची माफी मिळते. दुसरं घर असलेल्यांना दोनदा भरावं लागायचं, ते २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयाने थांबवलं. मूळ शुल्क मात्र वैध ठरवलं. पैसे बघण्याबद्दल नाहीत, बघता येण्याच्या सोयीबद्दल आहेत, असं त्याचं म्हणणं. "मी बघत नाही" याला कायद्यातलं उत्तर तेच.

इटलीने २०१६ मध्ये वीजबिलाचा रस्ता धरला. घरगुती वीजजोडणी आहे म्हणजे टीव्ही आहे असं गृहीत धरायचं आणि जानेवारी ते ऑक्टोबर दहा हप्त्यांत रक्कम बिलात लावायची. आधी चतुर्थांशाहून जास्त घरं शुल्क बुडवत होती, हे प्रमाण झटक्यात एक आकडी झालं. भरणारे वाढले म्हणून ११३.५० युरोंचे आधी १०० आणि २०१७ मध्ये ९० करता आले. टीव्ही नसेल तर दरवर्षी ३१ जानेवारीपर्यंत तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. विसरलात आणि जूनअखेरपर्यंत दिलंत, तर सूट फक्त पुढच्या सहामाहीची.

खरखर
वरची माहिती चोख आहे, पण वसुली नीट झाली म्हणून शुल्क न्याय्य ठरत नाही. एकटी राहणारी, जेमतेम पगार असलेली बाई आणि पाच कमावती माणसं असलेलं घर, दोघांनाही १८.३६. माफीची रेषा थोडक्यात हुकली की पूर्ण रक्कम. हा उलट्या उताराचा, म्हणजे गरिबाला जास्त जड जाणारा करच आहे, नाव काही द्या.

आणि "स्वतंत्र शुल्क म्हणजे सरकारपासून स्वातंत्र्य" हे तर ब्रिटनच्याच उदाहरणावर टिकत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात काही दिवसांच्या वाटाघाटींत शुल्क १४५.५० पौंडांवर २०१७ पर्यंत गोठवलं गेलं. वर तोवर सरकार करत असलेला वर्ल्ड सर्व्हिस या परदेशांसाठीच्या सेवेचा खर्च आणि वेल्श भाषेतल्या एसफोरसी वाहिनीचा मोठा वाटा बीबीसीच्या गळ्यात. २०१५ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांच्या मोफत परवान्याचा खर्चही तिच्यावरच ढकलला. मोफत द्यायचं ठरवलं सरकारने, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते बंद करून शिव्या खाल्ल्या बीबीसीने. आता पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठीची सरकारी मदत, मिळणाऱ्यांनाच तो मोफत आहे. पुढे २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं पुन्हा १५९ पौंडांवर गोठवणूक, तीही महागाई भडकलेली असताना. शुल्क वेगळं होतं, पण आकडा मंत्र्याच्याच हातात होता.

दक्षिण कोरियाच्या केबीएस या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं शुल्क तर १९८१ पासून महिना २,५०० वॉनवरच अडकलंय, कारण वाढवायला संसद लागते आणि कुठल्याच पक्षाला वाढ नको असते. १९९४ पासून ते वीजबिलातून कापलं जायचं, २०२३ मध्ये सरकारने तोडलं, २०२५ मध्ये कायद्याने पुन्हा जोडलं. इटलीचा उपाय सुटसुटीत वाटतो खरा, पण शुल्क बिलापासून तोडायची कात्री सरकारकडेच राहते.

सहामाही
@खरखर, आकडा कोणाच्या हातात हा मुद्दा बरोबर. @उंबरठा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. शुल्क की कर यापेक्षा दोन गोष्टी बघायच्या: रक्कम कोण ठरवतं आणि किती वर्षांसाठी.

जर्मनीत प्रसारण संस्था आधी आपली गरज कळवतात. मग १६ स्वतंत्र तज्ज्ञांचा आयोग ती तपासून कात्री लावतो आणि शिफारस करतो. शेवटी सोळाही राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. राज्यांना कार्यक्रमांवरच्या रागापोटी आकडा बदलता येत नाही, कारणं द्यावी लागतात. २०२० च्या डिसेंबरात १७.५० चे १८.३६ करायचे होते. साक्सन-आनहाल्ट या एका राज्याने विधेयक मतदानाआधीच मागे घेतलं आणि ८६ सेंटांची वाढ देशभर अडकली. २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने स्वतःच ती लागू केली. तरी २०२५ साठी सुचवलेले १८.९४ वेळेवर लागू झाले नाहीतच. म्हणजे ही पद्धतही अभेद्य नाही, पण निदान सरकारला कोर्टात खेचता येतं.

उलट बाजूला अमेरिका. तिथे घरटी शुल्क नाही, अर्थसंकल्पातून मदत, आणि राजकारणापासून बचाव म्हणून दोन वर्षं आगाऊ तरतूद करायची रीत. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने आगाऊ दिलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि पुढच्याच महिन्यात ही मदत वाटणाऱ्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगने गाशा गुंडाळायची घोषणा केली. घरटी शुल्क एका मतदानात असं शून्यावर आणणं अवघड जातं. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली शुल्क रद्द करायचा प्रस्ताव थेट सार्वमताला गेला होता, तो ७१.६ टक्क्यांनी पडला. अर्थात त्यानंतर तिथलं शुल्कही ३६५ फ्रँकवरून ३३५ वर आलंय.

उंबरठा
धन्यवाद, हेच हवं होतं. मग उत्पन्नानुसार वेगळा प्रसारण कर लावला तर गरिबाचा आणि वसुलीचा, दोन्ही प्रश्न सुटतात ना? त्यात काय बिघडतं?

ताळेबंद
बरेचसे सुटतात. फिनलंडने २०१३ मध्ये हेच केलं, स्वीडनने २०१९ मध्ये. फिनलंडमध्ये कर घरावर नाही, माणसावर आहे. पगारातून कापला जातो, वरची मर्यादा वर्षाला साधारण १६० युरो. कमी उत्पन्नाला आपोआप शून्य, माफीचा अर्ज नाही, घरात कोण राहतं याची चौकशी नाही. हे शेवटचं हलकं समजू नका. स्वित्झर्लंडमध्ये २०१९ ला नव्या संस्थेने वसुली सुरू केली तेव्हा रहिवासी नोंदीतल्या चुकांमुळे भलत्याच माणसांना एका कुटुंबात धरून बिलं गेली होती.

बिघडतं ते दोन जागी. पहिलं, घरात कमावती माणसं जास्त असतील तर बोजा वाढतो. फिनलंडमध्ये आधीचं घरटी शुल्क वर्षाला सुमारे २५० युरो होतं. नवा कर सुरुवातीला माणशी जास्तीत जास्त १४०, म्हणजे दोघं चांगले कमावत असतील तर २८०. एकट्याची बचत झाली, जोडप्याने कुरकुर केली.

दुसरं जास्त गंभीर. करातून गोळा झालेला पैसा आणि प्रसारण संस्थेला मिळणारा पैसा हे दोन वेगळे आकडे होतात. फिनलंडने त्यासाठी अर्थसंकल्पाबाहेर निधी ठेवलाय आणि त्यात दरवर्षी जाणारी रक्कम कायद्याने खर्चवाढीच्या निर्देशांकाला बांधली आहे. ही गाठ नसेल तर कर तेवढाच कापला जातो आणि संस्थेला कमी मिळालं तरी भरणाऱ्याला पत्ता लागत नाही. गाठ असूनही २०२४ मध्ये राजकीय पक्षांच्या समितीने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांची निर्देशांकवाढ गोठवलीच. खरखर यांनी ब्रिटनचं जे सांगितलं तेच, फक्त इथे ते पक्षांच्या सहमतीने, आधी जाहीर करून आणि मुदत घालून झालं.