ऑल स्टार कॉमिक्स: एकत्र मारामारी कुठाय?

चौकटराजा: काल 'ऑल स्टार कॉमिक्स' या अमेरिकन चित्रकथा-मालिकेचा तिसरा अंक (हिवाळा १९४०-४१) पुनर्मुद्रणात वाचला. जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या मंडळाची पहिली बैठक म्हणून हौसेनं उघडला, तर फ्लॅश, हॉकमन, सँडमन सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसून आपापली फुशारकी सांगतायत! एकत्र लढाई नाहीच. माझं काही सुटलंय का?

रद्दीतलंरत्न: काही सुटलं नाही. तेव्हाचे अंक म्हणजे मिसळच. दहा सेंटांत जाडजूड अंक, प्रत्येक नायकाची वेगळी गोष्ट, चित्रकारही वेगळा. लेखक गार्डनर फॉक्सनं त्या सुट्या गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या, एवढंच. गंमत पुढेच आहे: स्वतःच्या नावाचा अंक निघाला की नायक मानद सभासद होऊन मंडळाबाहेर! फ्लॅश असाच गेला.

मावशी_पुणे: आठवा अंक बघ. वंडर वुमन पहिल्यांदा त्यात आली, पण मुखपृष्ठावर तिचा पत्ता नाही. पुढे मंडळात घेतली ती सेक्रेटरी म्हणून. पुरुष युद्धावर, ही घरी टपाल सांभाळतेय! मी तर अंक आपटलाच.

चौकटराजा: मावशी, आठवा आजच काढतो. आपटणार मात्र नाही, उसना आणलाय.