रंग जुळले तरी मोटर आधी तपासा

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात डीसीसीचा (रुळांतून डिजिटल आज्ञा देऊन इंजिन चालवायच्या पद्धतीचा) डिकोडर, म्हणजे त्या आज्ञा ओळखून मोटर चालवणारं छोटं सर्किट, बसवताना लाल-काळी वायर रुळांकडे, नारिंगी-करडी मोटरला, रंग जुळले की काम झालं, असं सांगितलं जातं. वायरींचे रंग अगदी बरोबर. पण 'रंग जुळले की काम झालं' हे जुन्या इंजिनांच्या बाबतीत पटत नाही. जुन्या अमेरिकन एचओ (१:८७ मापाच्या) डिझेल इंजिनांत बऱ्याचदा मोटरचा खालचा ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारा तुकडा) पितळी पट्टीतून थेट चासीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला, टेकलेला असतो आणि चासीतून एका रुळाचा करंट येत असतो. ॲनालॉगवर, म्हणजे रुळातला व्होल्टेज कमी-जास्त करून इंजिन चालवायच्या जुन्या पद्धतीत, हे चालून जातं. डीसीसीत मात्र रुळाचा करंट डिकोडरच्या मोटर आउटपुटमध्ये शिरतो आणि डिकोडर जळतो. माझा पहिला डिकोडर असाच गेला. धूर फार नव्हता, पण तो वास अजून आठवतो.

तेव्हापासून डिकोडर जोडण्याआधी मल्टीमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून मोटरची दोन्ही टोकं प्रत्येक चाकाशी आणि चासीशी लावून बघतो. एकदाही बीप वाजता कामा नये. वाजलाच तर ती पट्टी वाकवून चासीपासून सोडवायची आणि खाली कॅप्टॉन टेप (करंट जाऊ न देणारी) लावायची. हीच तपासणी मोटरचे स्क्रू घट्ट केल्यावर पुन्हा करा, कारण मोटर जरा दबली की पट्टी परत टेकते. मग इंजिन सरळ मेन लाइनवर (नेहमीच्या रुळांवर) न ठेवता प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरची सेटिंग वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर, ठेवा. तिथे करंट साधारण २५० मिलिअँपिअरपर्यंतच मर्यादित असतो, त्यामुळे जोडणी चुकली असली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. सीव्ही १ (डिकोडरमधली इंजिनाच्या पत्त्याची, म्हणजे क्रमांकाची, सेटिंग) वाचल्यावर ३ आलं, म्हणजे कारखान्यातून आलेला पत्ता, की मगच मेन लाइनवर न्या.