फर्स्ट इयर: अॅनाटॉमी पाठ होते आणि उडते, बायोकेम तर शिरतच नाही

ठाणेकर_फर्स्टइयर:
सिनियर्स प्लीज हेल्प. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता एमबीबीएस फर्स्ट इयर, ठाणे ते नेरूळ रोज अपडाऊन. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, रात्री पाठ करते आणि सकाळी वायवात (तोंडी परीक्षेत) त्यातल्या मागच्या जुडग्याच्या, पोस्टिरियर कॉर्डच्या ब्रांचेस विचारल्या की दोनच आठवतात. बायोकेममध्ये ग्लायकोलिसिस, टीसीए, एचएमपी शंट या पेशीतल्या रासायनिक साखळ्या सगळ्या एकमेकांत मिसळतात. इंटर्नल (कॉलेजची परीक्षा) तोंडावर आलीय, वाचू कसं?

इंटर्न_कळवा:
अगं प्लेक्सस पाठ नको करूस, काढ. कोरा कागद घे, सी५ ते टी१ या मणक्यातून निघणाऱ्या पाच रूट्स, वरच्या दोन मिळून अपर ट्रंक, सी७ एकटी मिडल, खालच्या दोन लोअर, प्रत्येक ट्रंकला पुढचा मागचा असे दोन फाटे, आणि मागचे तिन्ही एकत्र आले की झाली पोस्टिरियर कॉर्ड. मग ह्यूमरस (दंडाचं हाड) हातात घे आणि बोट फिरव, वरच्या टोकाखाली सर्जिकल नेकला अॅक्सिलरी नर्व्ह, मागच्या स्पायरल ग्रूव्हमध्ये (खाचेत) रेडियल. तिथं हाड मोडलं तर मनगट का लुळं पडतं ते बोटालाच कळतं. उरल्या सबस्कॅप्युलर दोन, अपर आणि लोअर, आणि एक थोरॅकोडॉर्सल, झाल्या पाच.
आणि डिसेक्शनला मागे उभी राहू नकोस, फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात मान्य, पण फोर्सेप्सनं नर्व्ह स्वतः उचल आणि मसलपर्यंत जा. कुणीतरी आपला देह दिलाय म्हणून हे शिकायला मिळतंय.

वाशीची_ताई:
बायोकेमला पेशंट जोड, सायकल आपोआप बसते. एचएमपी शंट घे. व्हायव्हॅक्स मलेरियाच्या पेशंटला प्रायमाक्विन हे औषध देण्याआधी जी६पीडी हे एन्झाइम का तपासतात? हे एन्झाइम शंटची पहिली स्टेप करतं आणि एनएडीपीएच नावाचा रेणू बनतो, त्यावर पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं ग्लुटाथायोन टिकतं. जी६पीडी कमी असेल तर औषधाच्या ऑक्सिडेशनपुढे आरबीसी (लाल रक्तपेशी) टिकत नाही, फुटते, लघवी काळपट, डोळे पिवळे.

ठाणेकर_फर्स्टइयर:
ताई हे भारी आहे!! पण एन्झाइम तर बाकीच्या पेशींतही कमी असणार ना, मग आरबीसीच का?

वाशीची_ताई:
बरोबर प्रश्न विचारलास. बाकीच्या पेशींकडे एनएडीपीएच बनवायचे दुसरे मार्ग आहेत, मॅलिक एन्झाइम वगैरे. आरबीसीत मायटोकाँड्रिया नाही, न्यूक्लियसही नाही, म्हणजे जुनं एन्झाइम संपलं की नवीन बनवता येत नाही. म्हणून म्हाताऱ्या आरबीसी आधी फुटतात. टीसीए चालतं मायटोकाँड्रियात, म्हणजे ते आरबीसीत का नाही याचं उत्तरही यातच आलं बघ.

घणसोली_सेकंडइयर:
मराठी मीडियमचं टेन्शन सोड, या ग्रीक-लॅटिन टर्म्स इंग्लिश मीडियमवाल्यांनाही नव्याच असतात. आधी मराठीत स्वतःला समजाव मग तेच दोन वाक्यांत इंग्रजीत मोठ्यानं बोल, वायवात जीभ अडखळते तिथंच मार्क जातात. आणि ठाण्याला गाडी तिथूनच सुटते, सीट मिळाली तर नवीन काही वाचत बसू नकोस, नेरूळ येईपर्यंत प्लेक्सस न बघता काढून बघ, जिथं अडलं तेवढंच रात्री उघड.