रि: गणपतीचे उरलेले पैसे – बेबी वॉर्मर घ्यायचा का?

मंडळी नमस्कार,
हिशोब झाला एकदाचा. हॉल, केटरर, ढोलवाल्यांचं जेवण सगळं जाऊन 3,100 डॉलर उरलेत. मीटिंगमध्ये ठरलं होतं की उरतील ते भारतात गावाकडे बाळंतिणी आणि लहान मुलांसाठी द्यायचे, तर माझ्या तालुक्यातल्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) बेबी वॉर्मर, म्हणजे नवजात बाळाला ऊब देणारं मशीन, द्यावा असं मला वाटतं. वर मंडळाच्या नावाची पाटी लागेल, फोटो येईल, पुढच्या वर्षी वर्गणी मागताना दाखवायला बरं. रविवारपर्यंत हो-नाही कळवा.
– खजिनदार

---

काका, रागावू नका पण पाटीचं वाचून हसू आलं. मी इथे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नाईट करते, वॉर्मरशिवाय माझं पान हलत नाही, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाहीये. पण बाळ वॉर्मरवर किती वेळ असतं, आणि घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी दूध ओढेनासं झालं तर ते ओळखणार कोण? सासूबाई म्हणणार नजर लागली.

माझं माहेर जामखेडच्या बाजूचं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 ला तिथे आले ते वेल्लोर आणि अमेरिकेत शिकून, आणि दवाखाना सुरू केला तो जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडक्या जागेत. लोकांना हवं होतं पाणी आणि खायला, डॉक्टर नंतर. तेव्हा हजारातली 176 बाळं वर्षाच्या आत जायची. त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून बघितल्या, ते काही जमलं नाही, मग गावातल्याच बायका घेतल्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित, आणि त्यांना शिकवलं. आमची आजी सांगायची, आधी त्यांच्या हातचं पाणी न पिणारे लोक नंतर बाळंतपणाला त्यांनाच बोलवायला धावायचे. हातपंपही मुद्दाम दलितवस्तीत घेतले, म्हणजे पाणी हवं असेल तर सगळ्यांनी तिकडे जायचं. मला हे सगळ्यात भारी वाटतं, एका बोअरमध्ये दोन कामं.
– तुमची नर्सबाई

---

ताईंना अनुमोदन, आणि विदर्भाकडून थोडी भर. आकडे लागतात ना काका तुम्हाला, हे घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत बायकांना आरोग्यदूत केलं. पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका. झोळीत वजनकाटा, थर्मामीटर, श्वास मोजायचं मण्यांचं साधन, घशातला चिकटा ओढायची नळी, अँटिबायोटिकचं इंजेक्शन. बाळंतीण घरीच, आणि ही बाई पुन्हा पुन्हा तिच्या दारात जाते. तीन वर्षांत पहिल्या महिन्यातले बाळमृत्यू हजारी 62 वरून 25 वर आले आणि शेजारच्या 47 गावांत, जिथे हे नव्हतं तिथे ते 60 च्या आसपासच राहिले. 1999 ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. त्यात मोठं मशीन कुठंच नाही!! पुढे 2011 पासून देशभर आशाताईंना हेच काम दिलं, दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर 42 दिवसांत सहा फेऱ्या, घरचं असेल तर सात, आणि ह्या सगळ्याचे मिळून 250 रुपये ठरवले. आपल्या इथल्या पार्किंग तिकिटापेक्षा कमी.
– नागपूरवाला

---

सगळं खरं, पण पाण्याचं बोला की कोणीतरी. काही वर्षांपूर्वी आपणच एका गावाला पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन दिलं होतं, आठवतंय का? मी मागच्या डिसेंबरात जाऊन आलो, मशीन बंद, आतली मेंब्रेनची गाळणी कोण बदलणार, वीजबिल कोण भरणार, त्याच्या पाईपला बकरी बांधलेली होती. चूक गावाची नाही, आपण विचारलंच नव्हतं त्यांना. त्या गावाला पावसाळ्यात टाकीत वेळच्या वेळी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडणं आणि जलसुरक्षकानं, म्हणजे पंचायतीच्या पाणी बघणाऱ्या माणसानं, ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून बघणं, एवढंच हवं होतं. ग्रामपंचायतीला पाण्याच्या धोक्याप्रमाणे लाल-पिवळं-हिरवं कार्ड मिळतं, त्यात हेही बघतात. ते चुकलं की आधी जुलाब लागतात पोरांना, आणि एकदा जुलाबात वजन घटलं की पोरगं लवकर भरून येत नाही, मग अंगणवाडीचा आहार कितीही द्या.

दुसरं म्हणजे काका, पैसे पाठवणार कसे? आपलं मंडळ इथे रजिस्टर आहे म्हणजे आपण फॉरेन सोर्स, घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) लागतं आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. 2020 पासून एका संस्थेनं दुसरीला पुढे देणंही बंद. पीएचसीला असं सरळ जाईल असं धरून चालू नका.
– पाण्याचा इंजिनिअर

---

बरं बाबा, हरलो. पाटी रद्द.

काल रात्री गावी वहिनीला फोन लावला, ती आमच्याकडे आशा आहे हे मला माहीत होतं पण कधी विचारलंच नव्हतं काय करतेस म्हणून. तिला म्हटलं तुला काय हवंय? तर वॉर्मर नाही, गाडी नाही. म्हणाली भाऊजी, वजनकाटा तीन महिने बंद आहे, बाळाचं वजन अंदाजानं लिहिते, आणि रात्री नाल्यापलीकडच्या वस्तीवर जायला बॅटरी बरी नाहीये. अजून विचारलं तर म्हणे जुलाबावरची ओआरएस पावडर आणि झिंकच्या गोळ्या संपल्या की पुढचं येईपर्यंत मीठ-साखरेचं पाणी करायला सांगते, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, पण तिकडे उकळायला जळण कोण खर्च करतं. आणि गावच्या आरोग्य-पाणी-स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजाराचा निधी येतो, तो कशावर गेला हे विचारायला मीटिंगला कोणी बाईमाणूस बसत नाही, हे तिनंच सांगितलं. अर्धा तास बोलली, मी जेवायचा थांबलो.

तर आता: (अ) एफसीआरए असलेली आणि आशा-आरोग्यदूतांसोबत काम करणारी संस्था कोणाच्या ओळखीची आहे? नर्सबाई, नागपूरवाले, तुम्हीच शोधा. (ब) त्यांनाच विचारायचं काय हवंय. (क) आरओच्या गावाला इंजिनिअरसाहेबांनी फोन करायचा, निदान बकरी सोडवा.

ता.क. कोणाचं तरी मोदकपात्र हॉलच्या किचनमध्ये राहिलंय, मोठं, स्टीलचं. शुक्रवारपर्यंत न्या, नाहीतर हॉलवाला टाकून देईल.
– खजिनदार