चंद्रकलांवरील चित्रकथा शिक्षकांसोबत कशी बेतावी?

प्रश्न (चित्रकार):
जिल्हा परिषद शाळांतील काही विज्ञानशिक्षकांसोबत मी उच्च प्राथमिक वर्गांसाठी चंद्रकलांवर छोटी चित्रकथा करत आहे. शिक्षकांनी संहिता मनापासून लिहिली आहे. परंतु एकही व्याख्या सुटू नये या काळजीपोटी तिच्यातील आजोबा पानभर बोलतात आणि नात केवळ ‘हो का, आजोबा?’ एवढेच म्हणते. विषयातील त्यांचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे, पण चित्रांना कामच उरत नाही. कामाची वाटणी कशी करावी?

उत्तर १ (विज्ञानशिक्षिका):
संहिता तूर्त बाजूला ठेवून शिक्षकांकडून मुलांची चुकीची उत्तरे मागून घ्यावीत. आम्हा शिक्षकांकडे त्यांचा मोठा साठा असतो. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो’ हे या पाठात हमखास ऐकू येणारे उत्तर नातीच्या तोंडी पहिल्याच चौकटीत द्यावे आणि आजोबांनी ते खोडून काढू नये. कृष्ण अष्टमीच्या सकाळी नऊच्या सुमारास शाळेत जाताना तिला पूर्वेला सूर्य आणि पश्चिमेकडे झुकलेला अर्धा चंद्र एकाच वेळी दिसू द्यावा. सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच पडते, मग ती या चंद्रावर कशी पोहोचली, हा प्रश्न तिला आपणहून पडेल. तिथे संवादाचा फुगा रिकामा ठेवावा. मुले तो वर्गात भरतील आणि त्यातून शिक्षकांना त्यांचा विचार कळेल.

उत्तर २ (निवृत्त शिक्षक):
अंतराकडेही लक्ष द्यावे, कारण पृथ्वी आणि चंद्र शेजारी-शेजारी काढण्याच्या सवयीनेच सावलीचा गैरसमज बळावतो. मधल्या जोडपानावर पृथ्वी १ सेंटिमीटरची काढल्यास चंद्र पावणेतीन मिलिमीटरचा आणि सुमारे ३० सेंटिमीटर दूर येतो. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे याच प्रमाणात तो पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलापासून अडीच सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जातो, तर पृथ्वीची गडद सावली तिथे एक सेंटिमीटरही रुंद नसते. प्रत्येक पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हे त्या एका चित्रातून उमगते. असे पान कोणत्याही संहितेत आयते मिळणार नाही. त्यासाठी शिक्षक आणि चित्रकार यांनी मोजपट्टी घेऊन एकत्रच बसावे लागते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. अवकाशातून दिसणारे आणि अंगणातून दिसणारे दृश्य एकाच पानावर चालेल का?

उत्तर १ (विज्ञानशिक्षिका):
चालेल, मात्र दोन्हींच्या चौकटी वेगळ्या असाव्यात; अवकाशातील दृश्याला काळी पार्श्वभूमी आणि अंगणातील दृश्यात क्षितिजाची रेषा ठेवावी. पेन्सिलीचे कच्चे आराखडे असतानाच पाने मुलांना द्यावीत आणि शिक्षकांनी काहीही न समजावता ती कुठे अडतात, हे टिपून घ्यावे. शाई झाल्यावर चौकट बदलणे दोघांनाही जिवावर येते.