पावसाळ्यानंतर फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन खरखरतंय, आयडलवर बंद पडतंय

बाल्सापंख:
मॉडेल विमानाचं ०.५२ घनइंची (साधारण ८.५ सीसी) फोर-स्ट्रोक इंजिन आहे, ग्लो इंधनावरचं (मिथेनॉल, तेल, नायट्रोमिथेन). जूनपासून पेटीत बंद होतं. आता काढलं तर प्रॉप (पंखा) हाताने फिरवताना खरखर लागते, कॉम्प्रेशन आधीपेक्षा ढिलं वाटतं. सुरू होतं, पण वरून टकटक आवाज येतो आणि ग्लो ड्रायव्हर (प्लग तापवणारी बॅटरी) काढला की आयडलवर लगेच मरतं. ठेवण्याआधी कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) तोंडातून आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) सात-आठ थेंब सोडून प्रॉप फिरवला होता, टू-स्ट्रोकला करतो तसंच. सुरुवात कुठून करू? टॅपेट (व्हॉल्व्हची फट), प्लग की बेअरिंग?

क्रँककेस:
आधी बेअरिंग. तोवर इंजिन पुन्हा सुरू करू नका.

टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधूनच (क्रँक फिरतो त्या खालच्या केसमधूनच) वर जातं, त्यामुळे कार्बमधून सोडलेलं तेल बेअरिंगपर्यंत पोचतं. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण थेट हेडमध्ये शिरतं. खाली जातं ते फक्त रिंगच्या कडेने गळून आलेलं तेल, आणि त्याच्यासोबत जळलेल्या वायूंमधलं पाणी आणि नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून बनलेलं आम्ल. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं ते वेगळंच. म्हणजे तुमचे थेंब व्हॉल्व्हला लागले, क्रँकचं मागचं बेअरिंग कोरडंच राहिलं. गंज सर्वात आधी तिथेच धरतो.

खात्री करायची तर प्लग काढून प्रॉप फिरवा. कॉम्प्रेशन नसल्यामुळे बेअरिंगची खरखर स्पष्ट कळते. शाफ्ट पुढेमागे किंचित हलला तर चालतं, वर-खाली हलता कामा नये. ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून विटकरी रंगाचं तेल आलं की शंका उरत नाही. हे असंच चालवलं तर गंजाचे कण कॅममध्ये (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बुशात जातात. बेअरिंगचा पिंजरा तुटला तर मग काही वाचत नाही.

बदलताना:

कार्ब, मफलर, बॅकप्लेट, पुशरॉड, हेड आणि सिलिंडर काढा. सैतोसारख्या इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकसंध असतात, तिथे ते एकत्रच निघतं. मग पिस्टन टॉप डेड सेंटरला (सर्वात वरच्या जागी) आणा, कॅम हाउसिंगचं झाकण उघडा आणि कॅम गिअरवरची खूण कुठे आहे त्याचा फोटो घ्या. फॉलोअर (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे भाग) बाहेर पडतात, त्यांना डावा-उजवा अशा चिठ्ठ्या लावा. ज्याचा त्यालाच परत गेला पाहिजे, कारण प्रत्येक जण आपापल्या कॅमवर घासून बसलेला असतो. कॅम निघाल्याशिवाय क्रँक बाहेर येणार नाही, हातोडीने ठोकू नका.

रिकामी केस (एकही ओ-रिंग, गॅस्केट आत राहू देऊ नका) ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसला वीस मिनिटं. जाड हातमोजे घालून लाकडी फळीवर तोंड खाली करून आपटली की मागचं बेअरिंग गळून पडतं. पुढचं आतून लाकडी दांडीने ढकला. नवी बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेवून गरम केसमध्ये सोडा, जोर लागत नाही. पुढच्या बेअरिंगचं बाहेरचं सील ठेवा, आतलं काढा, नाहीतर त्याला तेल मिळणार नाही. मागचं पूर्ण उघडंच हवं.

जोडताना कॅमचा एक दात चुकला तरी इंजिन मठ्ठ होतं किंवा सुरूच होत नाही.

टॅपेटवाला:
वरच्या टकटकीबद्दल. रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप वाढलेला दिसतोय. या वर्गातल्या बहुतेक इंजिनांचा गॅप ०.०४ ते ०.१० मिमी असतो, तरी पुस्तिका बघाच. इंजिन पूर्ण गार असताना मोजायचं. ॲल्युमिनियमचं सिलिंडर आणि हेड स्टीलच्या पुशरॉडपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे गरम झालं की गॅप वाढतो. गरम असताना ०.०४ लावलात तर गार झाल्यावर गॅप शून्यावर येतो, व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो आणि कॉम्प्रेशन जातं. तुमच्याकडे टकटक आणि ढिलं कॉम्प्रेशन दोन्ही आहे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह वेगवेगळे मोजा, एक सैल आणि एक ताठ असू शकतो.

प्रॉप समोरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, कॉम्प्रेशन लागलं की आणखी पाव फेरा. आता दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. लॉकनट पाव-अर्धा फेरा सैल करून एलन कीने स्क्रू फिरवा. ०.०४ चं फीलर गेजचं (गॅप मोजायचं) पातं आत गेलं पाहिजे, ०.१० चं जाता कामा नये. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून की धरूनच आवळा आणि पुन्हा मोजा. हे पुन्हा मोजणंच लोक टाळतात.

एवढं करूनही दम नसेल तर प्रॉप कॉम्प्रेशनवर धरून कान द्या. कार्बमधून फुस्स आलं तर इनटेक व्हॉल्व्ह, मफलरमधून आलं तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून आलं तर रिंग.

नीडल_दोन_क्लिक:
ड्रायव्हर काढल्यावर मरतंय म्हणजे प्लग पण बघा. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, मधल्या वेळात साधा प्लग गार पडतो. ओएस कंपनीचा एफ टाइप किंवा तशाच फोर-स्ट्रोकचा प्लग लावा. आयडल २००० ते २५०० आरपीएमच्या खाली ओढत बसू नका.

हाय नीडल (फुल थ्रॉटलला इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) टॅकोमीटर लावून कमाल आरपीएमला आणा आणि मग इंधन वाढवून ३००-४०० आरपीएम खाली, म्हणजे रिच करा. कानाने अंदाज घेत लीन (इंधन कमी) ठेवू नका. लीन झालं की डेटोनेशन (अवेळी स्फोट) होतं, इंजिन उलटा झटका देतं आणि प्रॉपचा नट सुटतो. फोर-स्ट्रोकला डबल नट हवाच, आणि ट्यून करताना प्रॉपच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

नीडलची सेटिंग एकदम बदलली असेल तर आधी इनटेक पाइपची ओ-रिंग तपासा. पावसाळ्यात पडून कडक झाली की हवा शिरते, आणि आपण उगाच नीडल फिरवत बसतो.

इंधनात एकूण तेल १५-२० टक्के असावं आणि त्यात थोडं एरंडेल. एरंडेलामुळे तपकिरी थर बसतो खरा, पण गंज कमी धरतो.

क्रँककेस:
एरंडेलाबद्दल सहमत. तो थर काढायला कॉस्टिक किंवा बाथरूमचं ॲसिड लावू नका, ॲल्युमिनियम खातं. गाडीच्या हिरव्या कूलंटमध्ये (इथिलीन ग्लायकॉल) सुटे भाग मंद आचेवर काही तास ठेवा, बाहेर उघड्यावर. विषारी आहे, ते भांडं परत स्वयंपाकघरात नको.

बाल्सापंख:
धन्यवाद सगळ्यांना. बेअरिंग उतरवतो. आता पुढच्या वेळी ठेवताना नेमकं काय करायचं? आणि बेअरिंग कंपनीचंच घ्यावं लागतं का?

क्रँककेस:
नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी व्हर्नियरने मोजा, कडेवरचा नंबर गंजलेला नसेल तर तोच सांगा. बेअरिंगच्या दुकानात मिळतं. सी३ क्लिअरन्सचं (आत थोडी जास्त मोकळीक असलेलं) मागा.

ठेवताना: शेवटच्या उड्डाणानंतर इंधनाची नळी चिमटून आयडलवरच सुकवा, फुल थ्रॉटलवर नाही. ब्रीदरमधून १-२ मिली एअर-टूल ऑइल (हवेवर चालणाऱ्या हत्यारांचं खनिज तेल) सोडा, नाक खाली करून प्रॉप वीस-तीस फेरे फिरवा म्हणजे पुढच्या बेअरिंगलाही मिळेल. प्लगच्या भोकातून तीन-चार थेंब, रॉकरवर एकेक थेंब. खनिज तेलाने सिलिकॉनची नळी फुगते, म्हणून ते कार्बमध्ये आणि टाकीच्या नळीत जाऊ देऊ नका. शेवटी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला ठेवा: दोन्ही व्हॉल्व्ह बंद, स्प्रिंगवर ताण कमी, सिलिंडरमध्ये बाहेरची दमट हवा नाही. ब्रीदरच्या नळीला बूच.