शब्दचर्चा : 'सिटिझनशिप क्लास'ला मराठीत काय म्हणायचं?

खडूफळा :
मी न्यू जर्सीत राहते. आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी अमेरिकन सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी करून घेणारा एक मोफत वर्ग चालतो, आणि तिथे मी चार वर्षं शिकवते आहे. आधी मराठी माणूस क्वचितच यायचा. आता मुलाबाळांनी बोलावून घेतलेले आजी-आजोबा बरेच येतात, म्हणून वाचनालयाने पत्रक मराठीतही काढायचं ठरवलं. संगणकाने भाषांतर करून दिलं ते असं : 'प्रौढ स्थलांतरितांसाठी विनामूल्य नागरिकत्व तयारी वर्ग'.

व्याकरणाची चूक मला तरी सापडली नाही. पण वर्गात वाचून दाखवलं तर तीन जणांनी तीन शब्दांवर हरकत घेतली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "प्रौढ? म्हणजे मी अंगठेबहाद्दर?" एक मावशी म्हणाल्या, "स्थलांतरित तर पक्षी असतात." तिसऱ्या आजी बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "नागरिकत्व तयार करून देणार का इथे? असं सांगून पैसे उकळणारे असतात हो."

पत्रक पुढच्या आठवड्यात छापायला जायचं आहे. मंडळी, सुचवा.

जुनी वही :
काकांचं बरोबर आहे, पण त्यात शब्दाचा काही दोष नाही. प्र + ऊढ, म्हणजे पूर्ण वाढलेला. संस्कृत काव्यातली प्रौढा नायिका चांगली जाणती, चतुर असते. 'प्रौढ मताधिकार' म्हटलं तर कुणाला राग येत नाही. गोची 'प्रौढ शिक्षण' या जोडीने केली. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव रात्रीचे वर्ग निघाले, आणि आमच्या पिढीच्या डोक्यात प्रौढ + वर्ग = कंदील, पाटी आणि अंगठा हे समीकरण पक्कं बसलं. दोन्ही शब्द एका ओळीत आले की कंदील पेटतोच.

माझं मत : शब्द सरळ काढून टाका. तिथे लहान मुलं परीक्षा देतात का?

खडूफळा :
नाही. अर्ज करायलाच 18 पूर्ण लागतात. त्याहून लहान, ग्रीन कार्ड (अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना) असलेलं मूल सिटिझन झालेल्या आई किंवा वडिलांच्या ताब्यात आणि त्यांच्याजवळ तिथेच राहत असेल, तर ते आपोआप सिटिझन होतं. तेव्हा 'प्रौढ' गेला. एक झालं.

उजनीकाठ :
पक्ष्यांवर मी बोलतो, गाव भिगवणजवळ आहे. रोहित पक्षी थंडीत येतात, उन्हाळ्याच्या शेवटाला जातात. बीडकडचे ऊसतोड कामगारही दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतात आणि हंगाम संपला की परत जातात. आपल्याकडे 'स्थलांतर' या शब्दात परतीचं तिकीट धरलेलंच असतं. 2020 च्या टाळेबंदीत 'स्थलांतरित मजूर' रोज पेपरात यायचे, तेही घरी परत चाललेले.

जो कायमचा गेला त्याच्यासाठी आपल्याकडे साधा, बिनदुःखाचा शब्दच नाही. परागंदा झाला, देशोधडीला लागला, गाव सुटलं. सगळे रडके. 'निर्वासित' म्हटलं की उल्हासनगरच्या छावण्यांतले सिंधी आठवतात. 'अनिवासी' हा शब्द बँकेच्या फॉर्मवर ठीक आहे.

कोऱ्या कागदाची घडी :
शिवाय इंग्रजीत येणारा आणि जाणारा यांना वेगळे शब्द आहेत, मराठीत दोघंही स्थलांतरितच. त्यामुळे पत्रक वाचणाऱ्याला तुम्ही त्याच्याकडे कुठल्या काठावरून बघताय तेच कळत नाही. सून 'आली' म्हणायचं की लेक 'गेली', त्यातला प्रकार.

लेस्टरवाला :
इंग्लंडमधून थोडी भर. इथे नागरिकत्वाच्या आधीची पायरी म्हणजे 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन'. माझे सासरे पहिल्यांदा ऐकून म्हणाले, "बेमुदत रजा? मग पगार कोण देणार?" हसलो, पण नंतर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून बघितला तर 'रजा' म्हणजे मुळात परवानगीच! अरबी 'रिझा', संमती. 'आता रजा घेतो' म्हणतो तेव्हा आपण निघायची परवानगीच मागत असतो. इंग्रजी 'लीव्ह'चंही तेच झालंय : आधी परवानगी, मग सुट्टी. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली. सासऱ्यांनी नकळत अचूक भाषांतर केलं होतं.

इथल्या परीक्षेत 24 प्रश्न, 45 मिनिटं, 18 बरोबर यावे लागतात. संगणकावर, पर्याय निवडायचे.

जुनी वही :
वा! रजेसाठी शंभर गुण.

'नागरिक'बद्दल : नगरात राहणारा तो नागर, नागरिक. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नागरिक' हा अधिकारी आहे, नगराचा कारभार बघणारा. त्याच्यासाठी 'नागरिकप्रणिधि' नावाचं वेगळं प्रकरण आहे. आजचा देशाचा हक्कदार सदस्य हा अर्थ बराच नंतरचा. आणि परक्याला नागरिक करून घेण्याला हिंदी संविधानात 'देशीयकरण' म्हटलंय. सातव्या अनुसूचीत 'नागरिकता, देशीयकरण और अन्यदेशीय' अशी नोंद आहे. शब्द म्हणून मला आवडतो. एखाद्याला 'देशी' करून घेणं!

उजनीकाठ :
गाय देशी, कोंबडी देशी, दारू देशी. पत्रकावर नको.

खडूफळा :
'अन्यदेशीय' बघून आठवलं. ग्रीन कार्डवाल्यांच्या कागदांवर 'एलियन नंबर' असतो, ए अक्षराने सुरू होणारा. नातवंडांनी आजोबांना परग्रहावरचा हिरवा माणूस काढून दिला होता.

आता वर्गाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पत्रकातल्या शब्दांहून माझी खरी अडचण तिथे आहे.

परीक्षा तोंडी असते, अधिकाऱ्यासमोर बसून. 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांना 128 प्रश्नांची नवी यादी आहे. त्यातले 20 पर्यंत विचारतात, 12 बरोबर यावे लागतात. त्याआधी अर्ज केलेल्यांना जुनीच, 100 प्रश्नांची : 10 पर्यंत विचारतात, 6 बरोबर हवेत. त्यामुळे सध्या माझ्याकडे दोन पुस्तिका घेतलेले दोन गट एकाच टेबलावर बसतात. शिवाय तीनपैकी एक इंग्रजी वाक्य नीट वाचायचं आणि तीनपैकी एक ऐकून लिहायचं.

वयाची सवलत आहे, पण ती नुसत्या वयावर नाही. वय 55 आणि ग्रीन कार्डावर 15 वर्षं, किंवा वय 50 आणि 20 वर्षं, असं असेल तर इंग्रजी माफ आणि प्रश्न मातृभाषेत. 65 आणि 20 वर्षं असतील तर प्रश्नांची यादीही छोटी. आता आपले आजी-आजोबा बघा. चाळीस वर्षं डोंबिवलीत काढून पासष्टीला मुलाकडे आलेले. पाच वर्षं झाली, अर्ज करता येतो, पण सवलतीतलं एकही कलम लागू होत नाही. सत्तरीत सगळं इंग्रजीतून. मावशींनी मला सरळ विचारलं, "म्हणजे म्हातारं इथेच व्हायला हवं होतं का?" हो मावशी, तसंच.

म्हणून मी अर्थ मराठीत सांगते आणि उत्तर इंग्रजीत पाठ करून घेते. आणि मराठी शब्दच पायात येतात. 'सुप्रीम लॉ ऑफ द लँड' म्हणजे काय? उत्तर : संविधान. सांगलीकडच्या एका आजींना वाटलं, जमिनीचा सगळ्यात मोठा कायदा, म्हणजे कूळकायदा. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी चुलत्यांची अख्खी केस सांगितली.

'अमेंडमेंट'ला मी 'घटनादुरुस्ती' म्हणाले. एकूण 27. काका चष्मा काढून म्हणाले, "सत्तावीस वेळा बिघडली? मग नवीच का नाही करत?" खरं आहे हो. नळ बिघडला की दुरुस्ती, रस्ता उखडला की दुरुस्ती. पहिल्या दहा दुरुस्त्या, 1791 च्या, म्हणजे 'बिल ऑफ राइट्स'. तिथे बिघडलं काहीच नव्हतं, हक्क लिहायचे राहिले होते. आता मी 'भर किंवा बदल' म्हणते. आणि 'बिल' म्हणजे विजेचं नव्हे, हे दर बॅचला सांगावंच लागतं.

'बेअर आर्म्स' तर विचारूच नका. अस्वल आणि हात. तेवढं हसून झालं की खरा अर्थ सांगायचा : कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र हाती घ्यायला तयार आहात का? एक माळकरी आजोबा एकदम गप्प झाले. धर्मश्रद्धेमुळे किंवा मनापासूनच्या नैतिक धारणेमुळे कुणाला ते शक्य नसेल, तर शपथेतला तो भाग वगळून मागता येतो. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा घेतला.

गिरणीचा भोंगा :
एक विचारू? माझे वडील 'लाल बावट्या'त होते, गिरणी कामगार. अर्जात कम्युनिस्ट पक्षाशी संबंध होता का असा प्रश्न आहे ना? 'बावट्यात असणं' म्हणजे पक्षात असणं की युनियनमध्ये? घरात तर आम्ही एकच शब्द वापरायचो.

खडूफळा :
प्रश्न आहे. कम्युनिस्ट किंवा हुकूमशाही पक्षाचे सदस्य होतात का किंवा कुठल्याही प्रकारे संबंधित होतात का, जगात कुठेही, असं विचारतात. दादा, इथे शब्दाचा अर्थ मी सांगू शकते, तुमच्या वडिलांनी काय लिहायचं ते नाही. आम्ही शिकवणारे स्वयंसेवक आहोत, कायद्याचा सल्ला द्यायची आम्हाला मुभा नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला किंवा अशा कामाची अधिकृत मान्यता असलेल्या संस्थेतल्या प्रतिनिधीला विचारा, आणि अर्ज भरण्याआधी विचारा. वडील पक्षाचे सभासद होते की नुसते युनियनचे, वर्गणीची पावती कुणाची होती, हे त्यांच्याकडून नीट समजून घेऊन जा. 'बावट्यात होतो' एवढ्यावर काहीही लिहू नका.

कोऱ्या कागदाची घडी :
नामांवर एवढी चर्चा झाली, क्रियापदावर कुणी बोललं नाही. नागरिकत्व 'मिळालं' की 'घेतलं' की 'स्वीकारलं'? माझ्या बहिणीने आईला फोनवर सांगितलं, "सिटिझनशिप मिळाली." आई वडिलांना म्हणाली, "तिने घेतली." वडील म्हणाले, "म्हणजे इकडची सोडली." तीन क्रियापदं, घटना एकच.

लेस्टरवाला :
सोडावीच लागते. संविधानाचं नववं कलम आणि 1955 चा नागरिकत्व कायदा, दोन्हींचा अर्थ तोच : आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड काढलं की 'दुहेरी नागरिक' झालो असं लोक बिनधास्त म्हणतात, पण नावात सिटिझन असला तरी ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

खडूफळा :
शेतजमिनीचं वर्गात सांगितलं की पाच मिनिटं शांतता असते. बाकी कशालाच नसते.

आणि तो 'सरेंडर' शब्द! परदेशी नागरिक झाल्यावर भारताचा पासपोर्ट परत देऊन सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं असतं. काका म्हणाले, "शरण कोण गेलंय? जमा केला म्हणा." तेव्हापासून आमच्या वर्गात पासपोर्ट 'जमा' होतो.

शपथेतलं पहिलंच वाक्य तसं कडक आहे. याआधी ज्या परकीय राजाचे, सत्ताधीशाचे, राष्ट्राचे प्रजाजन किंवा नागरिक होतात, त्याच्याविषयीची सारी निष्ठा पूर्णपणे सोडतो असं म्हणायचं. तिथल्या 'अलीजन्स'ला मी 'निष्ठा' म्हटलं. आजी म्हणाल्या, "निष्ठा पांडुरंगावर असते. सरकारशी इमान असतं." मला 'इमान' पटला. कारण 'इमान'ला बेइमान आहे, इमानेइतबारे आहे. तो शब्द चाकरी-करारातला आहे, भक्तीतला नाही, आणि शपथही एका अर्थी करारच. पण अधिकाऱ्याने 'अलीजन्स म्हणजे काय' विचारलं तर पांडुरंग सांगता येत नाही. तिथे 'लॉयल्टी टु द कंट्री' एवढंच.

जुनी वही :
आणि 'ओथ'? शपथ म्हणता की प्रतिज्ञा?

खडूफळा :
शपथ. प्रतिज्ञा म्हटलं की सगळे 'भारत माझा देश आहे' म्हणायला लागतात, शाळेच्या पहिल्या पानावरची. एकदा अख्खा वर्ग म्हणाला. मी थांबवलं नाही.

तर पत्रक. 'प्रौढ' गेला, 'स्थलांतरित' गेला. 'विनामूल्य' सरकारी वाटतो, 'फुकट' म्हटलं की किंमतच जाते, 'मोफत' राहू दे. 'नागरिकत्व' हा शब्द आमच्याकडे कुणीच तोंडाने म्हणत नाही, 'सिटिझनशिप'च म्हणतात, तर तोच. मसुदा :

'ग्रीन कार्ड आहे? अमेरिकन सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी मराठीतून समजून करा. मोफत. दर शनिवारी सकाळी 10 वाजता. अर्ज भरून देण्याचे पैसे कुणालाही देण्याआधी एकदा येऊन भेटा.'

उजनीकाठ :
शेवटची ओळ सगळ्यात वर घ्या.

जुनी वही :
'सिटिझनशिप'मध्ये तिन्ही इकार ऱ्हस्व ठेवलेत, छान. छापखान्यात 'सिटीझनशीप' होणार, आधीच सांगून ठेवा.

खडूफळा :
सांगितलं. तरी झालं. पण ओळ वर घेतली.